फजरची टाळी

शेख गुलेद चुकले, आणि ते फक्त कल्तूनला कळलं.

पहाटेची फजरची नमाज चालली होती. पुढच्या दालनात इमाम म्हणून शेख आणि त्यांच्या मागे नऊ पुरुष. लाकडी फळ्यांच्या भिंतीआड, बायकांच्या खोलीत ती एकटी. बाहेर मॅनिटोबाची थंडी, उणे एकतीस. एका बाईसाठी एवढी खोली कशाला तापवायची, असं मशिदीच्या कमिटीचं म्हणणं होतं, म्हणून इकडचा हीटर बंदच असायचा. कल्तून कोट आणि लोकरी हातमोजे घालूनच नमाजाला उभी राहायची.

तरी एक दिवस चुकवायची नाही. नवरा गेला होता, मुलं मिनियापोलिसला आपापल्या संसारात. मांसाच्या कारखान्यात यंत्रांचा असा गोंगाट, की दिवसभर कुणाशी धड बोलणं व्हायचं नाही. शेखनी उन्हाळ्यापासून रोज फजरला थोडं थोडं करत अख्खं कुराण वाचायला घेतलं होतं. कल्तूनला ते सगळं पाठ होतं. सोमालियात बापानं लाकडी पाटीवर लिहून घेत शिकवलं होतं. भिंतीवरच्या कर्ण्यातून शेखचा आवाज आला, की ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर चालायची. तिला तेवढीच सोबत होती.

आज ती आयत आली होती, जिच्यात अल्ला पुरुषांबरोबर बायकांचंही नाव घेतो, एकेक जोडी करून. श्रद्धा ठेवणारे पुरुष, श्रद्धा ठेवणाऱ्या बायका. खरं बोलणारे पुरुष, खरं बोलणाऱ्या बायका. शेख तिथून एकदम रोजे धरणाऱ्यांवर गेले. मधल्या तीन जोड्या राहिल्या.

नऊ पुरुषांतून हूं की चूं नाही. येत असेल त्यानं सांगायचं असतं, पण येतंय कुणाला?

इमाम चुकला तर पुरुषानं तोंडानं टोकायचं, बाईनं टाळी द्यायची. कल्तूननं उजव्या हातानं डाव्या हाताच्या पाठीवर थाप मारली. लोकरीवर लोकर. तिलासुद्धा आवाज आला नाही.

तिनं हातमोजे उतरवले. नमाजात एवढी हालचाल करू नये, हे तिला ठाऊक होतं. बोटं गारठून लाल झाली. तिनं पुन्हा थाप मारली, हात झिणझिणेपर्यंत.

शेख थांबले. आयत पहिल्यापासून घेतली. खरं बोलणाऱ्या बायकांपर्यंत आले आणि पुन्हा अडकले. आपण चुकतोय हे त्यांना कळलं होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं. कर्ण्यातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. कल्तूनला त्यांची फार दया आली.

तिनं आणखी एकदा टाळी दिली. मग तिला राहवलं नाही.

"वस्साबिरीन वस्साबिरात," ती मोठ्यानं म्हणाली. सबुरी धरणारे पुरुष, सबुरी धरणाऱ्या बायका.

या खोलीतून एवढ्या वर्षांत पलीकडे गेलेला तो पहिला शब्द. शेखनी तो उचलला आणि आयत एका दमात पुरी केली. कल्तूनचे डोळे भरून आले.

नमाजानंतर चपला-बुटांच्या फळीपाशी कमिटीचे अध्यक्ष वर्सामे हाजी वाटच बघत होते.

"काय कल्तून, उद्यापासून शेखनी तुझ्या मागं उभं राहायचं का?"

दोघंतिघं हसले.

"हाजी, आयत अर्धवट राहत होती. तुम्हाला येत होती तर तुम्ही सांगायची."

हाजींचं हसू मावळलं. "बाईनं टाळी द्यायची. तेवढंच सांगितलंय."

"दिली की. तीनदा दिली. चूक झाली एवढं टाळीनं कळतं. बरोबर काय, ते टाळीत कसं सांगू?"

हाजींनी शेखकडे पाहिलं. शेख खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधलेली सोडून पुन्हा बांधत होते.

"शेख, तुम्हीच बोला," कल्तून म्हणाली.

"आत्या, तुमचं बरोबर होतं," शेख पुटपुटले. मान काही वर केली नाही.

तिला तेवढं पुरलं. दिवसभर यंत्रापुढे उभी असताना ती उद्याच्या आयती मनात घोळवत राहिली. पुढचं पान अवघड होतं. तिथं भलेभले घसरतात.

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीचं दार उघडलं, तर आत ऊब. हीटर चालू होता. कुणीतरी आधी येऊन खास तिच्यासाठी लावून ठेवला होता. तिनं कोट काढून खुंटीला अडकवला, हातमोजे खिशात कोंबले आणि मोकळ्या हातांनी उभी राहिली. एवढा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

कर्णा खरखरला. शेखनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

कालच्या पुढचं पान नव्हे, कुराणातली सगळ्यात छोटी सूरा, म्हणजे अध्याय. तीन आयतींची. चार वर्षांच्या पोराला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल अशी. ती संपवून शेख लगेच रुकूत वाकले.

तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशीही.

हीटर मात्र रोज चालू असायचा. कल्तून भिंतीआड मोकळ्या हातांनी उभी राहायची आणि ऐकायची. त्या तीन आयतींत चुकायला कुठं जागाच नव्हती.