उंची बाटली

दूरदेशीची एक स्वस्त आणि मस्त रेड वाइन जावयाला सापडली होती, पण स्वस्त म्हटलं की सासरेबुवा नाक मुरडणार. त्यांच्या घरी कायम उंची बाटलीच निघायची आणि जावईही दर वेळी "वा, ही चव स्वस्तात मिळायची नाही!" म्हणत मान डोलवायचा. म्हणून सासू-सासरे जेवायला आले त्या दिवशी त्याने तशीच एक जपून ठेवलेली रिकामी बाटली काढली आणि नरसाळं लावून आपली स्वस्तातली वाइन गुपचूप तिच्यात ओतली.

सासऱ्यांनी ग्लास गोल फिरवला, हुंगला, घोट घेऊन डोळे मिटले. "जावईबापू, याला म्हणतात वाइन! स्वस्तातलीला ही सर यायची नाही."

जावई मिशीतल्या मिशीत हसला.

जेवणं आटोपल्यावर सासूबाई ताटं ठेवायला स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांची नजर थेट ओट्यावरच्या, वाइनने लाल झालेल्या नरसाळ्यावर गेली. मागोमाग आलेला जावई ते उचलायला धावला. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.


"जावईबापू, ती रिकामी बाटली आम्हाला द्याल का हो? आमची परवा धुताना फुटली. आता तुम्ही आलात की ह्यांनी ओतायचं कशात?"