सूर्यनगरचा आरसा

१९५४ साली आणे गावच्या जत्रेत, भर दुपारी, तमासगीर रहमतुल्लाने लिहिलेला नवा वग रंगात आला होता. वगातल्या सूर्यनगरच्या राजाने असा आरसा घडवला होता, की त्याच्या किरणाने शत्रूचा तोफगोळा आभाळातच जळून जाई. शेजारच्या मेघनगरचा दूत तो आरसा विकत मागायला आला होता. राजा झालेल्या भगवंतने ठरलेलं वाक्य ठणकावलं, "वैऱ्याला आरसा न्हाई! मरू देत तुमची पोरं!"

शिट्ट्यांनी मांडव दणाणला. आपल्या वाक्याला मिळालेली ही दाद ऐकून पडद्याआड रहमतुल्ला सुखावला.

इतक्यात बायकांमधून खातूनबी उठल्या. जत्रेत बांगड्या विकणाऱ्या या ओतूरच्या बाईंचा मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईत तोफगोळ्याने गेला होता, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

"राजा, देऊन टाक आरसा," त्या म्हणाल्या.

भगवंत गडबडला. "अवो चाची, त्यो वैरी हाय!"

"म्हणून तर त्याला आदी दे. ह्यो आरसा कुणाला मारत न्हाई, नुसता वाचवतो. त्याच्याबी घरी आई आसंल."

भगवंतने पडद्याकडे पाहिलं. लढाईचा मोठा प्रवेश अजून व्हायचा होता, रहमतुल्लाने जीव ओतून लिहिलेला. रहमतुल्लाने हाताने खूण केली, देऊन टाक.

भगवंतने आरसा दूताच्या हातात ठेवला. खेळ तिथेच संपला.

पुढे गावोगावी खेळाआधी रहमतुल्ला स्वतः समोर येऊन सांगायचा, "मंडळी, वग माझा हाय. शेवट ओतूरच्या खातूनबींचा."