सुलटी वीट

“ती वीट राहू दे गं, ती मी काढते. तू जा, चहा टाक,” बेथन म्हणाली.

एलिनेडनं ऐकलं नाही. तैवी नदीच्या पुरानं पाणमांजरांच्या अनाथालयाची वाट खचली होती. सगळ्या विटा काढून नव्यानं बसवायच्या होत्या, आणि आपल्या विटेला ती दुसऱ्या कुणाला हात कसा लावू देईल? प्रेमदिनाला लोक गुलाब देतात, तिच्या नवऱ्यानं, एम्रिसनं, वीट दिली होती. देणगीचे पैसे गेले पिल्लांच्या मासळीला आणि हिचं नाव विटेवर कोरून आलं वाटेवर: ‘प्रिय एलिनेड, जन्मभर तुझाच, एम्रिस.’ दर शनिवारी पिंजरे धुऊन झाले की ती त्या विटेवरून फडकं फिरवायची. “आली बाई नवऱ्याचं तोंड पुसायला,” म्हणून बेथन चिडवायची.

वीट आली त्या वर्षी एलिनेडनं बॅग भरली होती. एम्रिसचं बाहेर काहीतरी चाललंय हे तिला कळलं होतं, कुणाशी ते कळलं नव्हतं. रडायला ती बेथनकडेच गेली. शाळेपासूनची मैत्रीण, दुसऱ्या कुणाकडे जाणार? मग ही वीट आली. “अगं, कोरून दिलंय त्यानं. आणखी काय हवं तुला?” बेथन म्हणाली. एलिनेडनं बॅग रिकामी केली आणि पलंगाखाली सारली. त्याला आता बारा वर्षं झाली.

आज सकाळपासून काम मजेत चाललं होतं. एका कुत्र्याच्या आठवणीतल्या विटेच्या पोटाशी भलत्याच कुत्र्याचं नाव निघालं, तेव्हा सगळे खो खो हसले. कोरताना चूक झाली म्हणून वीट फेकायची चैन इथं परवडत नव्हती. उलटी करायची आणि दुसऱ्या बाजूला कोरायचं. विटांचं सगळं बेथनच बघायची. ती मात्र हसली नव्हती.

एलिनेडनं फटीत पहार घातली. वीट सुटून वर आली. खालच्या बाजूची ओली वाळू तिनं पुसली, नेहमीच्याच फडक्यानं.

‘प्रिय बेथन, जन्मभर तुझाच, एम्रिस.’

नवऱ्याचे रंग एलिनेडला माहीत होते, त्याचं एक वेळ सोसलं असतं. पण हिनं केसानं गळा कापला होता. हिच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती रडली होती.

“मी ‘नाही’ म्हटलं त्याला,” बेथन म्हणाली. “वीट बघितली आणि तिथंच संपवलं सगळं. मीच म्हटलं त्याला, उलटी कर आणि बायकोचं नाव घाल. तुझं घर मोडू नये म्हणून, एली.”

“मोडलंच होतं गं ते. तू मला पुन्हा त्यात नेऊन बसवलंस.”

बेथन काहीतरी म्हणणार होती, पण एलिनेडनं तिच्याकडे पाठ केली. तिला रडू आलं नाही. संताप आला. तिनं वाळू सपाट केली, वीट जागेवर ठेवली, रबरी हातोडीनं चारी कोपरे ठोकले. मग फडकं त्या विटेवरच टाकून दिलं.

दुपारी एम्रिस गाडी घेऊन तिला न्यायला आला. शीळ घालत, वाटेवरून रमतगमत. बेथन दारात पुतळ्यासारखी उभी होती, तिच्याकडे बघून त्यानं हात हलवला.

“काय राणीसाहेब, बसली का आपली वीट?”

“बसली,” एलिनेड हातमोजे काढत म्हणाली. पलंगाखालची बॅग कुठल्या बाजूला आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. “बारा वर्षं उलटी होती. आज सुलटी बसवली.”