वाकलेली मेणबत्ती

मी उन्मेष सरांच्या टेबलावर वाकलेली मेणबत्ती ठेवली. “मल्हारगंजातल्या मावशीच्या पत्र्याच्या खोलीतली, सर. न पेटवताच अशी झाली.” सरांनी स्क्रीनवरचा इंदूरच्या उष्णतेचा नकाशा दाखवला. “मावशीचा वॉर्ड हिरवा आहे, वल्लरी. सरासरी एकदम ठीक. महापालिकेचा ऊन परतवणारा पांढरा रंग फक्त लाल वॉर्डांतल्या छपरांना मिळणार.” “पण सरासरीत वॉर्डातला मोठा बगीचाही आहे ना! त्याचा गारवा पत्र्याखाली थोडाच पोचतो? नव्वदावा परसेंटाइल काढू. वॉर्डातले सगळे पिक्सेल थंडपासून गरमपर्यंत ओळीत लावायचे आणि गरम टोकाजवळ किती तापलंय ते बघायचं.” “चल, वो भी करके देख ले.” मी बटण दाबलं. नकाशा नव्यानं रंगला आणि मल्हारगंज लालभडक झालं. मी मेणबत्ती उचलायला गेले. “राहू दे,” सर म्हणाले, “उद्याच्या मीटिंगमध्ये सबसे पहले हीच दाखवू.”