मधलं पान

"तुझी कविता घेत नाहीये," नणंद म्हणाली आणि खळीचं भांडं पुढे सरकवलं.

वहिनीच्या हातातलं दाभण पुठ्ठ्यात तसंच रुतून राहिलं. अख्खं मंडळ तिला वहिनीच म्हणायचं. पुस्तकबांधणी हा तिचा धंदा. समुद्रावरच्या कवितांचं पुस्तक हातानेच करायचं असं मंडळाने ठरवलं, तेव्हा बांधणी कोण करणार हा प्रश्नच नव्हता. कविता नणंदेने निवडायच्या, ज्याने त्याने आपली कविता प्रत्येक प्रतीसाठी स्वतःच्या हाताने लिहायची आणि वहिनीने ती सगळी पानं शिवायची.

"का नाही, वन्सं?"

"घरातलं दुःख चव्हाट्यावर कशाला? समुद्रावर लिही. माझ्या भावावर नको."

वहिनीचा नवरा बोटीवर कामाला होता. वादळात तो डेकवरून वाहून गेल्याची बातमी नणंदेनेच आणली होती. देह मिळाला नाही. पुढे तिला सावरलं तेही ह्याच नणंदेने, दुकान थाटून दिलं तेही हिनेच. त्या उपकारांपायी वहिनीने आजवर पुष्कळ गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना. नवरा माझा गेला, आणि त्याच्यासाठी रडायचं की नाही हे हिने ठरवायचं?

त्यात आगीत तेल पडलं. नणंदेची एक मैत्रीण दूरच्या बंदरात शिक्षिका होती. दरवर्षी सुट्टीत नणंद तिच्याकडे जायची. त्या शिक्षिकेची पानं पोस्टाने आली. बोटीवरून परतणाऱ्या नवऱ्याची कविता. तो दार ठोठावण्याआधीच त्याच्या अंगाचा खारा वास जिना चढून वर येतो, असं काहीतरी. कविता चांगली होती, हेच वहिनीला जास्त झोंबलं. हिचा परत येतो, तर तो पुस्तकात. माझा आला नाही, तर तो चव्हाट्यावर.

तिने कुणाला न विचारता कागद कापले. रागाने अक्षर बिघडत होतं, तरी ती लिहीत राहिली. प्रत्येक प्रतीच्या मधोमध तिने आपलं पान घातलं आणि असे घट्ट टाके घातले, की ते काढायचं तर सगळं पुस्तक उसवावं लागलं असतं.

प्रकाशनाच्या दुपारी वाचनालयाचा हॉल भरला. शिक्षिका येणार नव्हती, पण आली. तिला फाटकात पाहताच नणंदेचा चेहरा उतरला. ती लगबगीने बाहेर गेली, दोघी काहीतरी कुजबुजल्या आणि नणंदेने तिला थेट शेवटच्या रांगेत आणून बसवलं. कुणाशी ओळख करून दिली नाही, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढ्या लांबून आलेल्या बाईला ही वागणूक! वहिनीचं पित्त खवळलं. तिने टेबलावरची एक प्रत उचलली आणि सरळ शेवटची रांग गाठली.

"पाहुण्यांपासूनच सुरुवात होऊ दे," ती म्हणाली. "मधलं पान वाचा. मोठ्याने."

पुढे बसलेली नणंद अर्धवट उठली. ते नको, दुसरं काहीतरी वाचू दे, असं ती म्हणत होती.

"आता शिवलंय ते," वहिनी म्हणाली.

शिक्षिकेचा आवाज वर्गात कमावलेला, खणखणीत. दोरखंडात सापडून तुटलेल्या करंगळीची ती कविता होती. करंगळी कुठे गेली असं विचारलं की 'माशाला उसनी दिलीय, परत आणायला जातो' म्हणत दर वेळी बोटीवर चढणाऱ्या माणसाची. कुणीतरी नाक ओढलं. वहिनी नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. कर म्हणावं आता काय करायचं ते.

शिक्षिका मध्येच थांबली. तीच ओळ तिने पुन्हा मनाशी वाचली. मग जराशी गोंधळून हसली आणि पुढच्या रांगेकडे बघत म्हणाली,

"वन्सं, आमच्या ह्यांच्या करंगळीची गोष्ट यांना कुणी सांगितली?"