सातव्या सेलचे पाणी

दिगंबरने बॅटरीच्या सातव्या सेलमधल्या आम्लाचा थेंब काचेवर घेतला आणि त्यावर मीठ ओळखण्याचे रसायन सोडले. थेंब दुधासारखा पांढरा झाला. सेलमध्ये कोणीतरी विहिरीचे खारे पाणी ओतले होते.

बेटावरच्या सर्व विहिरी समुद्राने केव्हाच नासवल्या होत्या. खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र या चोवीस सेलांच्या बॅटरीवर चाले. म्हणून गोडे पाणी आधी बॅटरीला आणि उरलेले माणसांना, असा नियम होता. नासलेला सेल रोज एकदा असा पाच वेळा धुवावा लागे, आणि ते पाणी अपराध्याच्या घरच्या वाट्यातून कापले जाई.

"काल सातव्यात पाणी कोणी घातलं?" वस्तीचे प्रमुख अप्पा गरजले.

"मी तेराव्यापासून पुढचे भरले," तान्ही मुलगी सावरत शेजारची राखमा म्हणाली. "पहिले बारा शेवंतावहिनींनी. दिगंबरभाऊजींनाच विचारा की! ते तिथंच होते, आणि ते काही खोटं बोलायचे नाहीत."

दिगंबरला आपल्या मुलीचा पहाटे उतरलेला ताप आठवला. त्याची बायको शेवंता खाली पाहत होती.

"सातवा राखमाने भरला," तो म्हणाला.

राखमाच्या वाट्याचे पाणी त्याने स्वतःच्या हातांनी सेलमध्ये ओतले, थेंबही न सांडता. सहाव्या दिवशी सेल जिवंत झाला. राखमाची मुलगी तोवर रडायची कायमची थांबली होती.

घरी शेवंताने सातव्या सेलच्या वाट्यातून चोरलेल्या गोड्या पाण्यातले अर्धे भांडे अजून शिल्लक होते.

"आता हे कुणाला द्यायचीही सोय नाही, चोरी उघडी पडेल," शेवंता म्हणाली.

दिगंबरने ते उभ्यानेच पिऊन टाकले.