मोहापाशी

लाखेनं बंद केलेली डाकेची थैली पाठीवर घेऊन कवडू रोज सांजेला जंगलातल्या टेकडीच्या धारेवरून पळायचा. शनिवारी मोहाच्या झाडामागून बाईचा आवाज आला, “अवो, थांबा ना जी!” तिन्हीसांजेला जंगलात नाव न घेता कोणी बोलावलं तर वळून पाहायचं नसतं. काठीची घुंगरं जोरानं वाजवत कवडू दुप्पट वेगानं पळाला.

मंगळवारी पोस्टमास्तरांनी त्याला चिठ्ठी वाचून दाखवली. वर्षभर माहेरी रुसून बसलेल्या त्याच्या बायकोची, कमलाची होती. “शनिवारी सांजेला मोहापाशी उभी राहीन. तुमचं नाव घ्याले जीभ उचलत नाई, नुसतं थांबा म्हणीन. थांबले तर संगं येईन.”

“मंग चिठ्ठी आज काऊन भेटली जी, मास्तर?” कवडूनं विचारलं.

“शनिवारीच निघालती, कवडू. तुझ्याच पाठीवर.”